आठ महिने थर्मल कॅमेरा: फरक लगेच दिसतो, आकडा मात्र पडताळावा लागतो

माझं काम इमारतींच्या देखभालीचं. पॅनेल, मोटरा, पंप, एसी, ओल आलेल्या भिंती, सगळं एकाच माणसाच्या गळ्यात. आधी माझ्याकडे लाल ठिपका पाडणारं, पिस्तुलासारखं थर्मामीटर होतं. ते एका वेळी एकाच जागेचं तापमान सांगतं. चाळीस एमसीबींच्या (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या खटक्यांच्या) बोर्डावर ते एकेक करत फिरवायचं, आकडे कागदावर लिहायचे, आणि शेवटी नेमकी बिघडलेली जागाच राहून गेलेली असायची. म्हणून आठ महिन्यांपूर्वी हातात धरायचा थर्मल कॅमेरा घेतला, जो समोरच्या अख्ख्या दृश्याचं तापमान रंगांत दाखवतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी या वर्गातल्या कुठल्याही कॅमेऱ्याबद्दल करता येतील. माझ्याकडचा २५६ × १९२ पिक्सेलचा आहे, फोकस ठरावीक, आणि अचूकता कागदावर ±२ अंश किंवा ±२ टक्के, यातलं जे जास्त असेल ते.

पहिल्या संध्याकाळी मी तेच केलं जे सगळे करतात. घरभर फिरले. भिंतीवर तळवा टेकवून उचलला तर पाच बोटांचा ठसा मिनिटभर चमकत राहिला. अनवाणी चालल्यावर फरशीवर पावलं उमटली. बंद टीव्हीसुद्धा एका कोपऱ्यात कोमट निघाला. मजा होती. मग गॅसवर उकळणाऱ्या पाण्याच्या स्टीलच्या पातेल्यावर कॅमेरा रोखला आणि पडद्यावर आकडा आला ४१ अंश.

पाणी खळखळ उकळतंय, पातेल्याला हात लावला तर भाजेल, आणि कॅमेरा म्हणतोय ४१. पीस खराब आला असं वाटून मी परत पाठवायच्या बेतात होते. तेवढ्यात सहज म्हणून पातेल्याच्या कडेला वायरिंगची काळी टेप चिकटवली. टेपवर ९६. टेपच्या बाजूला बोटभर अंतरावर अजूनही ४१. या दोन आकड्यांमध्ये हा कॅमेरा वापरण्याचं निम्मं शास्त्र आहे, आणि सोबत आलेल्या पुस्तिकेत ते एका ओळीत उरकलेलं आहे.

कॅमेरा तापमान मोजत नाही. वस्तूकडून येणारे, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण मोजतो आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करतो. त्या हिशेबात एक गोष्ट त्याला आपण सांगावी लागते: हा पृष्ठभाग स्वतःच्या उष्णतेचे किरण किती मोकळेपणाने बाहेर टाकतो. याला एमिसिव्हिटी म्हणतात, मराठीत उत्सर्जकता. रंग दिलेली भिंत, प्लास्टिक, रबर, लाकूड, माणसाची कातडी, पाणी, या सगळ्यांची ०.९ च्या वर असते. घासूनपुसून चकचकीत केलेल्या धातूची ०.१ किंवा त्याहून कमी. असा धातू स्वतःचं फारसं काही सांगत नाही, आजूबाजूच्या वस्तूंचे किरण आरशासारखे परत पाठवतो. माझ्या पातेल्यावर मला पातेलं कमी आणि स्वयंपाकघर जास्त दिसत होतं. कॅमेऱ्याचं सेटिंग ०.९५ वर होतं, त्यामुळे त्याने जे दिसलं ते खरं धरून हिशेब केला. चूक माझी होती. सेटिंग ०.१ वर आणून आकडा सुधारता येईल असं वाटतं, पण तिथे जरा इकडचं तिकडे झालं की उत्तर दहावीस अंशांनी हलतं. चकचकीत धातूसाठी सेटिंगशी खेळण्यापेक्षा टेपचा तुकडा लावणं बरं.

घरच्या पातेल्याने शिकवलेलं मी दोन महिन्यांत विसरले. एका पॅनेलमध्ये मधला फेज (तीन वीजवाहिन्यांपैकी मधली) गरम होतोय अशी शंका होती. दार उघडून कॅमेरा लावला. तिन्ही फेजचे तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या उघड्या पट्ट्या) ३८ ते ४० अंश. सोबतचा वायरमन म्हणाला, "मॅडम, हे तर थंडच दाखवतंय." मीही मान डोलावली आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना टेप आठवली. परत वर गेलो. चालू बसबारवर टेप चिकटवायचा प्रश्नच नव्हता, पण लगवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडावर, काळी प्लास्टिकची स्लीव्ह होतीच की. तिथे नेम धरला: आर फेज ४४, वाय फेज ६७, बी फेज ४६. क्लॅम्प मीटरवर (तारेभोवती चिमट्यासारखं लावून प्रवाह मोजायचं यंत्र) तिन्ही फेजला प्रवाह जवळपास सारखा, साठ अँपिअरच्या आसपास. म्हणजे लोडचा, कुठल्या फेजवर जास्त वीज खेचली जातेय याचा, दोष नाही, जोड ढिला. पुरवठा बंद करून उघडलं तर वॉशर काळा पडलेला आणि बोल्ट हाताने फिरेल इतका सैल. साफ करून, घट्ट करून, तासाभराने पुन्हा पाहिलं तर वाय फेज ४७. त्या दिवसापासून उघड्या तांब्यावरचा आकडा मी वाचतसुद्धा नाही. स्लीव्ह, इन्सुलेशन, रंगवलेला भाग, जे मिळेल ते शोधते आणि तेही नसेल तर पुढच्या शटडाऊनमध्ये टेप लावून ठेवते.

चालू पॅनेल उघडणं हे ज्याला तशी परवानगी आणि प्रशिक्षण आहे त्याचंच काम. कॅमेरा लांबून मोजतो म्हणून धोका लांब राहतो असं काही नाही. आणि दार न उघडता आरपार दिसेल ही आशाही सोडा. पत्र्यातून दिसत नाही, पारदर्शक ॲक्रिलिकच्या कव्हरमधूनही नाही.

एकट्या आकड्यापेक्षा फरक कामाचा, हे मला त्या पॅनेलने पटवलं. अमेरिकेतल्या नेटा या विद्युत चाचणी संस्थेचा एक तक्ता या कामात खूप वापरला जातो. सारख्या लोडवरच्या सारख्या भागांची तुलना करायची. १ ते ३ अंशांचा फरक असेल तर दोष असू शकतो, तपासून पाहा, ४ ते १५ असेल तर बहुधा दोष आहे, सवड काढून दुरुस्त करा, १५ च्या वर असेल तर लगेच हात घाला. वाय फेजचा फरक वीसच्या वर होता. अशा तुलनेत कॅमेऱ्याची ±२ अंशांची चूक फारशी आड येत नाही, कारण तिन्ही फेजसाठी ती जवळपास सारखीच असते.

पण 'सारख्या लोडवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पूर्ण लोडला २० अंशांनी तापणारा जोड निम्म्या लोडला जेमतेम ५ अंशांनी तापेल. सुट्टीच्या दिवशी निवांत वेळ आहे म्हणून मी दोनदा पाहणी केली आणि दोन्ही वेळा सगळं छान हिरवंनिळं आलं. आता कामाच्या ऐन गर्दीच्या तासाला जाते, क्लॅम्प मीटर सोबत नेते आणि प्रत्येक फोटोसोबत अँपिअर लिहून ठेवते. अँपिअर न लिहिलेल्या थर्मल फोटोची तीन महिन्यांनी कशाशीही तुलना करता येत नाही.

अंतराचं कोणी विक्रेता सांगत नाही. जाहिरातीत पिक्सेल मोजून दाखवतात, पण तो पिक्सेल समोरच्या वस्तूवर केवढा पडतो हे विचारायला हवं. माझ्या कॅमेऱ्याची नजर आडवी ५६ अंश रुंद आहे. म्हणजे एक मीटरवर एक पिक्सेल जवळपास ४ मिलिमीटरचा. खात्रीच्या मोजणीसाठी निदान ३ × ३ पिक्सेल त्या वस्तूने भरावे लागतात, म्हणजे एक मीटरवरून १२ मिलिमीटरपेक्षा लहान काहीही मोजू नये. टर्मिनलचा स्क्रू असतो ५-६ मिलिमीटरचा. एक मीटरवरून तो गरम ठिपका म्हणून दिसतो, पण आकड्यात शेजारचं थंड प्लास्टिक मिसळतं आणि ८० चा स्क्रू ६० चा वाटतो. जवळ जावं तर फोकस ठरावीक असल्याने चित्र धूसर होतं, आणि धूसर चित्रातही आकडा खालीच येतो. उंचावरच्या बसडक्टचे (बसबार ज्यातून नेतात त्या पत्र्याच्या पेटीचे) जोड जमिनीवरून मोजायला हा कॅमेरा कुचकामी आहे. तिथे काहीतरी गरम आहे इतकंच कळतं.

रंगांनी मला सुरुवातीला फार घाबरवलं. कॅमेरा आपोआप समोरच्या दृश्यातलं सगळ्यात थंड ते निळं आणि सगळ्यात गरम ते पिवळंपांढरं करतो. अख्खी भिंत २९ ते ३० अंशांत असली तरी त्या एका अंशात तो सगळे रंग ओतणार. बघणाऱ्याला वाटतं भिंत पेटलीय. अहवालात असे फोटो गेले की फोन सुरू होतात. आता मोजपट्टी हाताने बांधते, उदाहरणार्थ २० ते ७०, आणि एका जागेचे सगळे फोटो त्याच पट्टीवर काढते. इंद्रधनुषी रंगसंगती दिसायला झकास, पण कामाला मी करडी वापरते. त्यात बारीक फरक सलग दिसतो.

भिंतीतली ओल. हा कॅमेरा पाणी बघतो अशी समजूत आहे, ती खरी नाही. ओलसर जागेतून बाष्पीभवन होतं, त्यामुळे तो पट्टा अंशदोन अंशांनी थंड राहतो आणि कॅमेऱ्याला तो थंडपणा दिसतो. भिंतीमागे मोकळा पाइप असेल, एसीचा झोत लागत असेल, गिलाव्यामागे पोकळी असेल, तरी तसाच पट्टा दिसू शकतो. म्हणून कॅमेऱ्याने जागा शोधायची आणि पिनांच्या ओलमापकाने खात्री करायची. एकदा मी एकट्या कॅमेऱ्याच्या भरवशावर टाइल फोडायला सांगितली. आत कोरडं ठणठणीत. त्या टाइलीचे पैसे कोणी भरले ते विचारू नका. दुसऱ्या बाजूला, फरशीखालची गरम पाण्याची गळती त्याने दहा मिनिटांत दाखवली. पाणी सोडलं, वाट पाहिली, आणि पाइपच्या सरळ रेषेवर एका जागी उबदार डबकं पसरताना दिसलं. तिथे फोडलेली टाइल सार्थकी लागली.

हवा दिसत नाही. एसीच्या जाळीवर कॅमेरा धरला तर आकडा येतो तो जाळीचा, झोताचा नव्हे. मी जाळीसमोर कागद टांगते, दोन मिनिटं थांबते आणि कागदाचं तापमान वाचते. खोलीतून एसीत परत जाणाऱ्या हवेलाही तसंच. काचेतूनही काही दिसत नाही. खिडकीवर रोखला की काचेचं तापमान आणि त्यात स्वतःचं भुतासारखं प्रतिबिंब. उलट पातळ, काळ्या पॉलिथीनच्या पिशवीतून हात बऱ्यापैकी दिसतो. पाहुण्या मुलांना हा प्रयोग भलताच आवडतो. काचेतून हे किरण जात नाहीत म्हणूनच कॅमेऱ्याचं भिंग साध्या काचेचं नसून सहसा जर्मेनियमचं असतं, आणि म्हणून त्यावर ओरखडा पडला तर खिशाला चाट मोठी. झाकण लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दर काही सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येतो आणि चित्र क्षणभर थिजतं. बिघाड नाही. आतली झडप सेन्सरसमोर येते आणि कॅमेरा स्वतःला जुळवून घेतो. थंड खोलीतून गरम छतावर नेल्यावर हे टकटक वाढतं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं आकडे सरकत राहतात. एकाच टाकीच्या एकाच ठिकाणी मला पाच मिनिटांत तीन अंशांचा फरक दिसला होता. आता आधी चालू करून बाजूला ठेवते, तोवर बाकीची कामं. चित्र सेकंदाला ९ वेळाच बदलतं, कारण याहून वेगवान थर्मल कॅमेऱ्यांवर निर्यातीचे निर्बंध कडक आहेत. फिरता पट्टा किंवा पंख्याचं पातं बघायला ते अपुरं पडतं, बाकी कामाला चालतं.

ॲपबद्दल मात्र राग आहे. फोटोच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलचं तापमान साठवलेलं असतं, त्यामुळे नंतर बसून एमिसिव्हिटी बदलता येते, नवा बिंदू मोजता येतो. फार उपयोगी सोय. पण तोच फोटो मेसेजवरून पाठवला की तो नुसतं रंगीत चित्र होतो, आतली माहिती गळून पडते. सहा आठवड्यांच्या पाहण्यांचे फोटो मी असेच पाठवून मूळ फाइली पुसून टाकल्या होत्या. ॲपने एका शब्दाने सावध केलं नाही. आता दर आठवड्याला केबलने मूळ फाइली काढून घेते. बॅटरी साडेतीन तास जाते, तक्रार नाही. उन्हात पडदा दिसत नाही, टोपीची सावली करावी लागते.

महिन्यातून एकदा बर्फाची परीक्षा घेते. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि पाणी, नीट ढवळायचं, वरून सरळ बघायचं, तिरकं नाही. शून्य यायला हवं. माझ्याकडे पहिले पाच महिने ०.५ ते १ यायचं, सहाव्या महिन्यात १.८ आलं, अजून कागदावरच्या हद्दीत आहे. ताप मोजायला शेजारी मागायला येतात, त्यांना मी साफ नाही म्हणते. दोन अंशांची चूक असलेल्या यंत्राने ३७ आणि ३८ मधला फरक सांगायचा म्हणजे कठीणच, आणि कपाळाची कातडी म्हणजे शरीराच्या आतलं तापमान नव्हे.

पुन्हा घ्यायचा झाला तर पिक्सेल एवढेच घेईन, पण हाताने फिरवता येणारा फोकस बघेन आणि नजर अरुंद, २५ अंशांच्या आसपासची. खोलीभर दृश्य एका चौकटीत मावणार नाही, चालेल. माझं काम स्क्रूंचं आहे. सध्याच्या कॅमेऱ्याच्या मुठीला काळ्या टेपचं एक लहान रीळ दोरीने बांधून ठेवलंय. ते आतापर्यंत दोनदा संपलं.