लॉक मायटर राउटर बिट: जोड उत्तम, पण टेबलाशिवाय घेऊ नये

फणसाच्या फळ्यांचे देव्हारे करताना कोपऱ्यावर लाकडाचा आडवा छेद दिसू नये म्हणून 45 अंशांचा जोड घेतात. मात्र साधा तिरपा जोड गोंद लावून आवळू लागताच घसरतो. लॉक मायटर बिट, म्हणजे राउटर या वेगाने फिरणाऱ्या लाकूड कापायच्या यंत्राला लावायचे पाते, त्या तिरप्या कडेतच एकमेकांत अडकणारे दात कापते. अर्धा इंची शँकचे (यंत्रात बसणाऱ्या दांड्याचे), 70 मिलिमीटर व्यासाचे असे बिट फोंड्यातील एका हार्डवेअरच्या दुकानातून मागवून घेतले. त्याच्या कार्बाइडची धार चांगली असून जोडही घट्ट बसतो.

आक्षेप आहे तो वेष्टनाविषयी. त्यावर जास्तीत जास्त वेगाचा आकडाच छापलेला नाही, आणि एवढ्या मोठ्या बिटाच्या बाबतीत ही उणीव क्षम्य नाही. हे बिट 22,000 आरपीएमवर (मिनिटाला 22,000 फेऱ्यांवर) फिरवल्यास त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे 80 मीटर होतो. 10,000 वर तो 37 मीटरच्या आसपास राहतो. म्हणून वेग कमी करता येणारा दणकट राउटर आणि तो खालून बसवायचे, फेन्स (फळी टेकवून सरकवायची आडभिंत) असलेले टेबल नसेल, तर हे बिट विकत घेऊच नये. हातात धरलेल्या राउटरला ते लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यामुळे 12 मिलिमीटरच्या कोलेटमध्ये (शँक धरून ठेवणाऱ्या राउटरच्या पकडीत) ते जाणार नाही. शँक तळापर्यंत नेऊन दोन-तीन मिलिमीटर मागे घ्यावी आणि मगच कोलेट आवळावा.

खरा वेळ जातो तो जुळणीत. दोन्ही फळ्या एकाच जाडीच्या रंधलेल्या हव्यात. आपल्याकडच्या पावसाळ्यात आठवडाभर आधी रंधून ठेवलेल्या फळीवर विसंबू नये. टाकाऊ तुकड्यांवर काप घेऊन, एक तुकडा उलटा करून दुसऱ्याला जोडून पाहावा. पृष्ठभाग सपाट जुळले, तर बिटाची उंची बरोबर आहे. त्यानंतर एक फळी टेबलावर आडवी आणि दुसरी फेन्सला टेकवून उभी चालवायची असते. उभ्या फळीसाठी फेन्स उंच हवे, नाहीतर ती डुलते आणि बोटे धारेजवळ जातात. पूर्ण खोली एकाच फेरीत न घेता फेन्स थोडेथोडे मागे सरकवत जावे, फळी उजवीकडून डावीकडे, म्हणजे बिटाच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकलावी, आणि मागे टाकाऊ लाकूड धरावे म्हणजे शेवटची कड फुटत नाही. अरुंद पट्ट्या या बिटावर कापू नयेत. रुंद फळीवर काप घेऊन नंतर पट्टी वेगळी करणे अधिक सुरक्षित ठरते.

एखाद-दुसऱ्या पेटीसाठी एवढी जुळणी परवडत नाही, तिथे साध्या तिरप्या जोडात प्लायची पट्टी घातलेली बरी. सारख्या मापाचे बरेच कोपरे करणाऱ्या सुताराला मात्र हे बिट नक्की उपयोगी पडेल. खाऱ्या हवेत शँकला गंज लवकर चढतो, आणि गंजलेली शँक कोलेटमध्ये नीट पकडली जात नाही. म्हणून काम झाल्यावर चिकटलेली राळ काढून बिटाला तेलाचा हात द्यावा आणि पुन्हा लावण्यापूर्वी शँक कोरडी पुसावी.