मशीनवर कोरलेली कवळी : पावसाळ्यापासून थंडीपर्यंत वापरून

पुढचं सगळं वाचायचं नसेल त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. वरची कवळी एक नंबर. खालची बरी आहे, पण डिजिटल म्हणून काही जादू झालेली नाही. जुन्या पद्धतीच्या दुपटीहून जास्त पैसे गेले. तरीही पुन्हा करायची वेळ आली तर हीच करेन, फक्त त्याचं कारण जाहिरातीत सांगतात ते नाही.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, नोकरी केलेला माणूस. जुनी कवळी सैल झाली, बोलताना टकटक वाजायला लागली, म्हणून आधी एका चकचकीत क्लिनिकमध्ये चौकशी केली. "काका, आता सगळं डिजिटल. तोंडात पेस्ट नाही, काही नाही, स्कॅन केला की झालं!" मी विचारलं, मिलिंग करणार (चकतीतून कोरून काढणार) की प्रिंटिंग (थरावर थर चढवून)? उत्तर मिळालं, "ते लॅबवाले बघतात." एवढे पैसे सांगताय आणि जॉब कशावर होणार ते माहीत नाही? नमस्कार करून बाहेर पडलो.

नंतर मिळालेल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र आधीच सांगितलं की स्कॅनर लावून बघू, पण भरवसा ठेवू नका. झालंही तसंच. टाळू स्क्रीनवर छान उमटला. खाली लाळ साठतेय, जीभ मध्ये येतेय, गालाची कातडी हलतेय. चित्र तुटायचं, पुन्हा पहिल्यापासून. दात असले की स्कॅनरला त्यांच्या कडांवरून पुढचं चित्र जुळवता येतं. गुळगुळीत, ओल्या हिरडीवर त्याला धरायला काही सापडत नाही. शिवाय कवळीची कड कुठे संपवायची हे ओठ-गाल हलल्यावरच कळतं. म्हणून शेवटी आपली जुनीच रीत. माप घ्यायच्या मसाल्याची हिरवी कांडी ज्योतीवर मऊ करायची, मापाच्या ट्रेच्या कडेला लावायची, तोंडात घालायची. "ओठांचा चंबू करा. आता मोठा आ. जीभ बाहेर." थोडी कड झाली की पुन्हा कांडी, पुन्हा चंबू. त्यावर पेस्टचं माप घेतलं आणि ते माप स्कॅन केलं. डिजिटल काम सुरू झालं ते इथून पुढे.

ट्रायल मेणाची नव्हती. प्रिंट करून आलेली, पांढरीफटक, एकसंध. आरशात बघून मीच दचकलो. पण मेणावरचे दात जोरात चावले की हलतात, हिच्यावर बिनधास्त चावता येतं. बाईंनी साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावलं. 'स' म्हणताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटायला नकोत, म्हणून. सदुसष्टला शिट्टी वाजली. त्यांनी तिथेच पेन्सिलीने खूण केली आणि बदल फाइलमध्ये झाला.

पुढचा भाग माझ्या आवडीचा. जुन्या पद्धतीत मेण प्लास्टरच्या साच्यात गाडतात, गरम पाण्याने वितळवून काढतात आणि त्या पोकळीत मळलेलं ॲक्रिलिक दाबून तासन्‌तास शिजवतात. शिजताना ते घनफळात सहा-सात टक्के आकसतं. वरच्या कवळीत त्याचा फटका टाळूच्या मागच्या कडेला बसतो. तिथे बारीक फट राहिली की हवा शिरते आणि पकड गेली. मिल्ड कवळीतलं ॲक्रिलिक जातीने तेच, पण कारखान्यात दाबाखाली आधीच पूर्ण पक्कं केलेली चकती येते, ९८ मिमी व्यासाची. आकसायचं ते आकसून झालेलं असतं. मशीन फक्त कोरतं. आमच्या शॉपफ्लोअरवर कास्टिंग (साच्यात ओतलेला जॉब) आणि सॉलिडमधून कोरून काढलेला जॉब यात जो फरक, तोच इथे. लॅबने पाठवलेला व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिला. गोल टोकाचा बारीक बॉलनोज कटर गुलाबी चकतीतून माझाच टाळू काढत होता. मग दातांसाठी खाचा, त्यात दात चिकटवलेले.

कवळी हा प्रकार संगणकावर यायला तसा उशीरच झाला. जपानमध्ये माएदा आणि सहकाऱ्यांनी त्यावरचा पहिला शोधनिबंध १९९४ साली छापला.

आता वापर. वरची कवळी पहिल्या दिवशी टक्‌कन बसली, काढायला कड धरून हवा आत घ्यावी लागली. नव्या कवळीचा तो औषधी वास, जिभेची चरचर, या वेळी जवळपास नव्हती. कारण सुटं मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकमधला पक्का न झालेला कच्चा माल, कमी उरतं. खालच्या कवळीने मात्र डाव्या बाजूला जिभेखाली व्रण केला. बाईंनी आतून पांढरी पेस्ट लावून दाब कुठे येतोय ते पाहिलं आणि हातातल्या बरने (फिरत्या छोट्या कटरने) खरवडलं. एवढं मायक्रॉनचं कौतुक, आणि फायनल फिटिंग शेवटी हातानेच! आमच्याकडेही तेच व्हायचं म्हणा.

खाण्याचं सांगतो. बाजरीची भाकरी दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखी वाटून घेतली तर जाते. मिसळीचा रस्सा, पाव मजेत, पण शेवेचा चुरा खालच्या कवळीखाली शिरतो. पेरूची बी शिरली तर डोळ्यांत पाणी येतं. चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढतो. पूर्ण कवळीला नैसर्गिक दातांच्या चौथ्या हिश्श्याएवढाही जोर नसतो, मग ती कशावरही बनवा. खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या मानाने कितीतरी वेगाने झिजतं, तिथे मशीन काय करणार?

मग पैसे कशाचे वसूल झाले? फाइलचे. त्याच फाइलवरून मी जोडीला एक स्वस्तातली प्रिंटेड कवळी करून घेतली. नवीन माप नाही, चंबू नाही. प्रिंटेडवर उजेडात बारीक थर दिसतात, चहाचा डागही लवकर धरला, आणि मिल्डइतकी ती दणकट नसते. म्हणून ती फक्त प्रवासाला. पण आमच्या इंदिरानगरच्या कट्ट्यावरच्या एकाची कवळी हॉस्पिटलच्या चादरीत गेली आणि बिचारा महिनाभर पेजेवर होता. तसं माझं होणार नाही. पैसे भरण्याआधी दोनच गोष्टी लिहून घ्या : मिल्ड की प्रिंटेड, आणि एसटीएल फाइल (कवळीच्या आकाराची संगणकातली फाइल) मला मिळणार की नाही. मला पेनड्राइव्हवर मिळाली. अर्थात चार-पाच वर्षांनी जबडाच बदलला की ती फाइलही शिळी.

खालच्या कवळीवरचा खरा इलाज वेगळाच आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात २००२ साली जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय ठरवला. बाईंनीही तेच सुचवलंय. माझी शुगर सध्या वर आहे, ती खाली आली की संक्रांतीनंतर बघू म्हणाल्या. ते केलं तर त्याबद्दलही लिहीन.