प्रायव्हेटची चिठ्ठी, सरकारी गोळ्या: आमच्या उपजिल्हा रुग्णालयाचा रिव्ह्यू

अण्णांना शुगर आणि बीपी दोन्ही. डॉक्टर प्रायव्हेटचे, एमडी, माणूस चांगला, पण मेडिकलचं महिन्याचं बिल बघून अण्णा आम्हाला न सांगता एक दिवसाआड गोळ्या खायला लागले होते, मग ठरवलं की तपासायला डॉक्टर तेच ठेवायचे आणि गोळ्या सरकारीतून मिळतायत का बघायचं. आता घडी बसलीये आणि नातेवाइकांत सगळे विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तालुक्याचं आहे एवढं पुरे.

तर बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या खिडकीवर चालत नाही, कितीही मोठ्या डॉक्टरची असू दे. खिडकीतले साहेब चिठ्ठी हातात पण घेत नाहीत, "केसपेपर कुठाय?" एवढंच. तिथून गोळी बाहेर पडायची तर त्यांच्याच डॉक्टरने तपासून त्यांच्याच केसपेपरवर लिहावी लागते, आणि खरं सांगायचं तर ते बरोबरच आहे, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची. केसपेपर फुकट आहे, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी, उपचार सगळं निःशुल्क केलंय. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलांना तो निर्णय लागू नाही, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन "फुकट आहे ना?" म्हणून भांडू नका. फोनमध्ये आभा, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, काढलेलं असेल तर तिथला क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं, म्हणजे त्यांची सिस्टिम चालू असेल तर.

नंतर जनरल ओपीडीच्या रांगेत उभं राहायचं नाही, सरळ एनसीडीची, म्हणजे असंसर्गजन्य आजारांची, खोली विचारायची. बीपी-शुगरवाल्यांसाठी ती वेगळी असते हे कोणी आपणहून सांगत नाही. तिथल्या सिस्टर एक नंबर. "आजोबा, चालत आलात ना, जरा बसा, लगेच मोजलं की जास्त येतंय" असं म्हणून त्यांनी अण्णांना आधी पाच मिनिटं बसवलं आणि मगच पट्टा बांधला, हे आमच्या प्रायव्हेटमध्ये आजवर कोणी केलेलं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मोजकंच बोलणाऱ्या, पण फाईल उघडून तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट नीट बघितला. इथं खरा फरक पडतो. प्रायव्हेटचे डॉक्टर एका गोळीत दोन-तीन औषधं असलेली लिहितात, सरकारीत ती सुटी सुटी येतात. म्हणजे शुगरच्या ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनच्या एका गोळीच्या जागी दोन, बीपीच्या टेल्मीसार्टन-अमलोडिपिनच्या जागी अजून दोन. औषध तेच, मुठीत गोळ्या जास्त. अण्णा म्हणाले, "हे काय, फुटाणे दिलेत का?" आणि एसआरवाली, म्हणजे पोटात हळूहळू विरघळणारी, मेटफॉर्मिन नव्हती, साधी 500ची दिली, तिने सुरुवातीला पोट बिघडलं, डॉक्टरीणबाईंनी जेवणानंतरच घ्यायला सांगितल्यावर बसलं. कोलेस्टेरॉलची रोझुवास्टॅटिन नव्हती, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन दिली. हे बदल प्रायव्हेटच्या डॉक्टरांना केसपेपरचा फोटो पाठवून विचारले, त्यांनी हरकत घेतली नाही. तुम्ही पण विचारा, आपल्या मनाने अदलाबदल करू नका. थायरॉईडवाल्यांनी तर नाहीच, तिथं ब्रँड बदलला तरी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, परत बघावं लागतं.

खिडकीवर महिन्याच्या गोळ्या एकदम देतात, स्टॉक असला तर. नसला की पंधरा दिवसांच्या आणि "पुढच्या आठवड्यात बघा". पुढच्या आठवड्यात म्हणजे कधी, हे त्यांनाही माहीत नसतं. आणि एक गोष्ट मला खटकते, गोळ्या मोजून द्यायला स्ट्रिप कात्रीने कापतात आणि नेमका एक्सपायरीचा तुकडा त्यांच्याकडे राहतो. आपल्या हातात नुसतं "शासकीय पुरवठा, विक्रीसाठी नाही". मी आता तिथंच तारीख वाचून दाखवा म्हणते, वैतागतात, पण दाखवतात.

शुगरचीच सिटाग्लिप्टिन मात्र आमच्याकडे मिळत नाही, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं जनऔषधीच्या, म्हणजे सरकारी योजनेतल्या जेनेरिक औषधांच्या, दुकानातून घ्या. तिथं प्रायव्हेटची चिठ्ठी चालते, केसपेपर वगैरे काही नको, कारण ते शेवटी दुकान आहे, फुकट नाही, फक्त स्वस्त. पेटंट संपल्यावर 2022 साली जनऔषधीने सिटाग्लिप्टिन 50 आणली तेव्हा दहा गोळ्यांना 60 रुपये होते, ब्रँडची स्ट्रिप तेव्हा दीडशेच्या पुढे. चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असलं तरी दुकानदार कंटेंट शोधून देतो, तरी जाण्याआधी फोन करा, निम्म्या वेळा "उद्या येईल"च असतं.

कोणीतरी सांगेल महात्मा फुले योजनेचं कार्ड दाखवा, गोळ्या मिळतील. दरमहाच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात नाही मिळत, ती मुख्यतः अ‍ॅडमिट होऊन करायच्या उपचारांची योजना आहे. टीबीचं वेगळं आहे. निदान प्रायव्हेटमध्ये झालं तरी निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद करून औषधं सरकारकडून फुकट मिळतात, वर नोव्हेंबर 2024 पासून पोषण आहारासाठी महिना 1000 रुपये खात्यात, आधी 500 होते. आमच्या गल्लीतल्या एका पोराने याच रस्त्याने कोर्स पूर्ण केला, डॉक्टर शेवटपर्यंत त्याचे प्रायव्हेटचेच.

स्टार द्यायचे तर एनसीडीच्या खोलीला साडेचार, औषधाच्या खिडकीला दोन, संडासाला द्यायला काही नाही. अण्णा आता गोळी चुकवत नाहीत, फुकटची आहे म्हणून की काय देव जाणे. जाताना जुनी फाईल, शेवटचे रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, डॉक्टरांचं अक्षर तिथंही कोणाला लागत नाही. आणि बाजाराच्या दिवशी जाऊ नका, अख्खा तालुका तिथंच असतो.