पाटल्या गहाण ठेवल्या, पावती निघाली मोडीची

सासूबाईंच्या पाटल्या होत्या. दोन नग, जुन्या घडणीच्या, वजन 40.350 ग्रॅम. हे वजन मला तोंडपाठ आहे, कारण 2019 मध्ये एका सहकारी बँकेत त्याच पाटल्यांवर कर्ज काढलं होतं आणि फेडलंही होतं. तेव्हाची मूल्यांकनाची स्लिप मी जपून ठेवली. पुढे सगळी भिस्त त्या स्लिपवरच राहणार आहे, हे तेव्हा कुठं माहीत होतं!

मी सिडकोत डबे करून देते. 2023 च्या ऑगस्टमध्ये मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला 1,20,000 कमी पडत होते. सोमवारी, 14 तारखेला, शेवटचा दिवस. मला जाग आली शनिवारी, आणि तो निघाला दुसरा शनिवार. बँक बंद. मग जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या बाजूला एका गाळ्यात गेले. एका डबेवाल्या ताईंनीच पत्ता दिला होता.

भिंतीवर सावकारीचा परवाना फ्रेम करून लावलेला. त्याच्या वर एका म्हाताऱ्या शेठजींचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. परवाना आहे म्हणजे काम पक्कं, असं मला वाटलं. फोटोतल्या माणसाचं नाव आणि परवान्यावरचं नाव एकच होतं, दोन्ही डोळ्यांसमोर होती, पण डोक्यात प्रकाश पडला नाही.

गादीवर शेठ नव्हताच. पंचविशीतला एक पोरगा होता. "बसा मावशी," म्हणून पाणी दिलं. पाटल्या कसावर घासल्या, काट्यावर ठेवल्या. काट्याचं तोंड त्याच्याकडं होतं. व्याज शेकडा तीन, म्हणजे महिन्याला 3,600. मला गुलाबी कागदाची एक चिठ्ठी दिली: "पाटली 2 नग", तारीख आणि एक नंबर. वजन नाही, शिक्का नाही. मग बिलबुक पुढं सरकवलं. खाली कार्बन होता, वरच्या अर्ध्या भागावर त्याचं कॅल्क्युलेटर आडवं पडलेलं. "इथं सही करा मावशी, ऑफिसची कॉपी आहे." केली. नोटा मोजल्या आणि घरी आले.

बावीस महिने व्याज भरलं. पहिले नऊ महिने रोख, त्याची पावती एकदाही मिळाली नाही. मागितली की "मावशी, विश्वास नाही का?" असं. नंतर तो म्हणाला, माझ्याच नंबरवर टाकत जा, चकरा वाचतील. तेरा हप्ते तसे टाकले. आळसानं केलेली ही एकच गोष्ट माझ्या कामी आली.

2025 च्या जुलैत भिशी लागली, मुद्दल घेऊन पाटल्या सोडवायला गेले. तोवर भाव कुठल्या कुठं गेला होता, चार तोळ्यांचे साडेतीन लाखांच्या वर झाले असते. या वेळी गादीवर धाकटा शेठ होता. गुलाबी चिठ्ठी त्यानं हातातही घेतली नाही. बिलबुक काढून माझी सही दाखवली. वर छापलं होतं, जुने दागिने खरेदी. वजन 22.400 ग्रॅम, दर 5,360, रक्कम 1,20,064. "ताई, तुम्ही पाटल्या मोडल्यात. गहाण कुठं ठेवल्या?" आणि तो पोरगा? "तो आमचा माणूसच नाही. चहा आणायला यायचा."

पोलिसांनी अर्ज घेतला आणि सावकारीचं प्रकरण म्हणून निबंधकांकडं जायला सांगितलं. सावकारांचे परवाने सहकार खातं देतं, हे मला तेव्हा कळलं. सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी नोंद काढून बघितली. परवाना त्या हारातल्या शेठजींच्या नावाचा, ते वारल्यावर नूतनीकरण झालेलंच नाही. शिवाय कार्यक्षेत्र शेजारच्या तालुक्याचं. परवाना माणसाच्या नावावर मिळतो, गादीबरोबर मुलाकडं जात नाही, आणि दिलेल्या कार्यक्षेत्राबाहेर त्यावर धंदाही करता येत नाही. म्हणजे फ्रेममधला कागद खरा होता, पण त्या गाळ्यापुरता त्याला काही अर्थ नव्हता.

मी विचारलं, गादीवर बसणाऱ्या पोराला काही लायसन्स लागत नाही का? नाही, म्हणाले. परवाना सावकाराचा, नोकरानं केलेलं सावकाराच्या अंगावर. म्हणून तर "आमचा माणूसच नाही" ही भाषा.

महाराष्ट्राचा 2014 चा सावकारी कायदा आहे. तारण ठेवून घेतलेल्या कर्जाला बिगरशेतकऱ्याला वर्षाला 15 टक्के, शेतकऱ्याला 9 टक्के, याच्या वर व्याज नाही. माझं शेकडा तीन म्हणजे वर्षाचे 36 झाले. महिन्याला 1,500 द्यायचे तिथं मी 3,600 देत होते. बावीस महिन्यांत 79,200 गेले, हिशेबानं 33,000 व्हायला हवे होते. व्याजावर व्याज लावता येत नाही, भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती द्यावी लागते, कर्जाचा तपशील आपल्याला कळेल अशा भाषेत लिहून द्यावा लागतो. विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं मी पाटल्या गेल्यावर शिकले. आमच्याकडं डबा लावणाऱ्या मुलांना फोनवर दोन मिनिटांत सापडलं.

सुनावणी चालू आहे. शेठचा वकील म्हणतो सही बाईंची आहे. आहेच. माझी बाजू अशी की दागिना विकलेला माणूस तेरा महिने न चुकता 3,600 कशाचे टाकील? आणि 2019 च्या स्लिपवर 40 ग्रॅम असलेल्या पाटल्या 22 वर कशा आल्या? साहेबांनी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स फाइलला लावल्यात. पाटल्या मात्र वितळल्या असणार. मुलगा म्हणतो, आई, सोड आता. त्याची फी भरली गेली, त्याला सोड म्हणणं सोपं आहे.

मधे दूध बाजारातून येताना त्या गाळ्यावरून गेले. फ्रेम उतरवलीय, हाराचा फोटो तसाच आहे. तो पोरगा हल्ली पंचवटीकडं दुसऱ्या गादीवर बसतो, असं त्या डबेवाल्या ताईच सांगत होत्या. तिकडं जाणारं कुणी वाचत असेल तर परवान्यावरचं नाव, तालुका आणि तारीख बघा, समोर बसलेल्याचं आधारकार्ड मागा, काटा आपल्याकडं फिरवून घ्या. आणि सही करण्याआधी बिलबुकावरचं कॅल्क्युलेटर उचला.