महिलांचा गट, सगळ्यांची संघटना की लिंक्डइन: तुमचा वेळ कुठे द्यावा?

नोकरी आणि घर सांभाळून व्यावसायिक ओळखी वाढवायला महिन्यात जेमतेम एखादी संध्याकाळ हाती लागते. ती कुठे द्यायची? फक्त महिलांच्या गटात, आपल्या क्षेत्रातल्या स्त्री-पुरुषांच्या संघटनेत, की घरबसल्या लिंक्डइनवर? तिन्ही ठिकाणी मिळणारी गोष्ट वेगळी असते. त्यामुळे सध्या आपलं नेमकं कुठे अडलंय, हे आधी पाहावं.

महिलांच्या गटाची खरी कमाई म्हणजे जाहिरातीत कधीच न छापली जाणारी माहिती. ‘या पदासाठी किती मागू?’ असं इथे उघडपणे विचारता येतं. उत्तरात आकडा तर मिळतोच, शिवाय ‘पहिल्याच ऑफरला हो म्हणू नकोस, निदान एकदा वाढवून माग’ हेही कुणीतरी सांगतं. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या बाईला कोणत्या विभागात पुन्हा चांगलं काम मिळतं, कुठला वरिष्ठ दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवतो, हे कळायलाही अशीच विश्वासाची माणसं लागतात.

याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतल्या एका नामांकित बिझनेस स्कूलच्या पदवीधरांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ओळखी बॅचभर पसरलेल्या होत्या, त्या पुरुषांना वरच्या जागा मिळाल्या. स्त्रियांच्या बाबतीत मात्र तेवढं पुरेसं ठरलं नाही. अधिकाराच्या जागांवर पोचलेल्या स्त्रियांच्या ओळखी तर दूरवर होत्याच, पण त्यांच्या अगदी जवळच्या वर्तुळात मुख्यतः स्त्रियाच होत्या. त्यातही ज्या मैत्रिणींच्या बाहेरच्या ओळखी एकमेकींपेक्षा वेगळ्या, त्यांचा उपयोग अधिक. म्हणून गट निवडताना सगळ्याजणी एकाच कंपनीतल्या आणि एकाच पायरीवरच्या नाहीत ना, एवढं नक्की बघा. तशा गटात धीर भरपूर मिळतो, नवी बातमी मात्र क्वचितच.

मिश्र संघटनेचं बळ वेगळं. नवा विभाग कोण उघडतंय, कंत्राट कुणाकडे जातंय, परिषदेत कोण बोलणार, हे ठरवणारी माणसं तिथे असतात. या दारांना फार काळ कुलूप होतं, हेही लक्षात असू द्या. १९०५ मध्ये सुरू झालेल्या रोटरीत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालानंतर स्त्रियांच्या सदस्यत्वाची वाट मोकळी झाली आणि १९८९ मध्ये जागतिक नियमातूनच ‘फक्त पुरुष’ ही अट गेली. तोवर पुरुषांच्या किती पिढ्यांच्या ओळखी तिथे मुरल्या होत्या!

शिवाय स्त्रीला इथे दुहेरी कष्ट पडतात. संशोधक एर्मिनिया इबारा यांनी एका जाहिरात कंपनीचा अभ्यास करून १९९२ मध्ये हे दाखवून दिलं. तिथल्या पुरुषांची मैत्री आणि कामाची मदत बरीचशी पुरुषांकडूनच येत होती. स्त्रिया आधारासाठी स्त्रियांकडे आणि कामाच्या मदतीसाठी पुरुषांकडे जात होत्या, म्हणजे दोन जाळी एकाच वेळी सांभाळत होत्या.

तरीही जा, पण नुसतं खुर्चीवर बसून भाषण ऐकायला नको. समितीत शिरा आणि काम स्वतः निवडा. पाहुण्यांचं स्वागत, चहापाणी, इतिवृत्त ही कामं बायकांकडे आपसूक सरकवली जातात आणि त्यातून दगदगीपलीकडे फारसं काही हाती लागत नाही. वक्ते ठरवायचं काम मागून घ्या. मग क्षेत्रातल्या मोठ्या नावांना फोन करायला तुमच्याकडे रीतसर कारण असतं आणि पुढच्या वेळी ती माणसं तुम्हाला नावानिशी ओळखतात. सभासद शुल्क कंपनी भरेल का, हेही विचारायला संकोच नको.

लिंक्डइन सगळ्यात स्वस्त आणि वेळेच्या बाबतीत सगळ्यात सोयीचं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं, की नव्या संधीची खबर जवळच्या मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून येते. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आला. नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी ठरल्या त्या मध्यम कच्च्या ओळखी: अगदी परक्या नाहीत आणि रोजच्याही नाहीत. तेव्हा अनोळखी लोकांना शेकडो विनंत्या पाठवण्यापेक्षा जुन्या सहकाऱ्यांना शोधा. संदेश नेमका असावा: ‘आपण त्या ऑडिटवर एकत्र होतो. तुम्ही आता जोखीम व्यवस्थापनात आहात. मला तिकडे वळायचंय, वीस मिनिटं बोलता येईल का?’ अशा संदेशाला उत्तर देणं सोपं असतं. नकोसे संदेश इथे येतातच. उत्तर न देता ब्लॉक करावं, त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

आता निवडीचं. नोकरीत नव्या असाल, खंडानंतर परतत असाल किंवा पगाराची बोलणी समोर असतील, तर महिलांचा गट आधी. क्षेत्र बदलायचं असेल तर लिंक्डइन. आणि काम उत्तम असूनही बढती अडली असेल, तर मिश्र संघटनाच, कारण तिथे सल्ला देणाऱ्यांपेक्षा तुमच्या माघारी तुमचं नाव सुचवणारं माणूस हवं असतं. सल्लागार मिळणं तुलनेने सोपं. नाव सुचवणारं माणूस मात्र तुमचं काम जवळून पाहिल्याशिवाय शब्द टाकत नाही, म्हणून तर समितीचा एवढा आग्रह.

एकच निवडायचं झालं, तर मी मिश्र संघटनेतलं समितीचं काम निवडेन आणि वेगवेगळ्या कंपन्यांतल्या तीन-चार मैत्रिणींशी पगार-बढतीचं मोकळं बोलणं चालू ठेवेन. त्यासाठी औपचारिक गट लागतोच असं नाही. सहा महिन्यांनी मात्र हिशेब करा: नवी माहिती किती मिळाली, कुणी तुमचं नाव कुठे सुचवलं का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती संध्याकाळ दुसरीकडे द्या.