किनपोर्श: माफियाच्या घरातली नोकरी

गुंडांच्या गोष्टी पाहताना माझं लक्ष साहेबांपेक्षा त्यांच्या मागे उभ्या असलेल्या काळ्या सूटवाल्या पोरांकडे जातं. यांची ड्युटी किती तासांची? जेवण कुठे? साहेबाच्या वाटणीची गोळी यांनी खाल्ली तर घरी कोण कळवतं? बहुतेक मालिकांत ही पोरं फक्त मरायला असतात. थायलंडच्या ‘किनपोर्श’ला मात्र त्यांच्यात रस आहे आणि मी चौदाही भाग पाहिले ते मुख्यतः त्यासाठी.

मालिका २०२२ सालची, वेब-कादंबरीवरून केलेली. पोर्श बँकॉकच्या एका बारमध्ये काम करतो. आईवडील नाहीत, ‘चे’ नावाचा धाकटा भाऊ अजून शिकतोय आणि काकाने जुगारापायी राहतं घर पणाला लावलंय. एका रात्री तो मारेकऱ्यांच्या तावडीतून एका माणसाला सोडवतो. फुकट नाही बरं का, पैशांचा सौदा करून! वाचलेला माणूस निघतो माफिया घराण्याचा वारस किन. त्याला पोर्श अंगरक्षक म्हणून हवाच असतो. पोर्श नाही म्हणतो, मग त्याची अशी कोंडी केली जाते की ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे या दोघा पुरुषांच्या प्रेमकथेची सुरुवातच जबरदस्तीच्या नोकरीने.

सुरुवातीचे भाग मला सगळ्यात आवडले. नवीन माणूस, त्याच्यावर जळणारे जुने सहकारी, ढीगभर नियम आणि ते पाळायची अजिबात इच्छा नसलेला पोर्श. आपो नत्तविनने हा उद्धटपणा नुसत्या उभं राहण्यातून दाखवलाय. बाकीचे ताठ, हा खांदे पाडून. माइल फाकफूमचा किन त्यापुढे जरा इस्त्रीचा वाटतो. पण दोघं एकाच बेडीत अडकून जंगलात भटकतात तेव्हा त्याचीही घडी मोडते. तिथे ना हुकूम चालतो ना पैसा, भूक दोघांना सारखीच. मालक-नोकराचं नातं बाजूला सारून ते पहिल्यांदा नीट बोलतात ते इथेच, आणि माझा या जोडीवर विश्वास बसला तोही इथेच.

चौथ्या भागाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. पोर्शला कुणीतरी पेयातून औषध दिलेलं असताना किन त्याच्याशी शरीरसंबंध ठेवतो. ज्याचा पगार तुमच्या हातात आहे, जो शुद्धीत नाही, त्याच्या संमतीला काय अर्थ? किनला अपराधी वाटतं हे दिसतं, पण मालिकेला पुढच्या चुंबनाची घाई आहे. हा प्रसंग सोसत नसेल त्याने ही मालिका पाहू नये, असं मी मैत्रिणींना स्पष्ट सांगते.

गंमत अशी की याहून भयंकर नातं त्यांनी जास्त प्रामाणिकपणे हाताळलंय. किनच्या काकाच्या, म्हणजे धाकट्या घराण्याचा वेगास किनच्या घरच्या एका अंगरक्षकाला, पीटला, पकडून साखळीने बांधतो, छळतो. आणि हाच वेगास पाळलेला हेजहॉग, म्हणजे छोटासा काटेरी प्राणी, मेला म्हणून ढसाढसा रडतो. बापाच्या माराने घडलेला हा माणूस बायबल विचापासने असा उभा केलाय की कीवही येते आणि किळसही. बिल्ड जकापनचा हसतमुख पीट त्याच्यापुढे हळूहळू बदलत जातो. हे प्रेम आहे असं मला कुणी पटवू शकणार नाही. पण डोळे हटले नाहीत, तेही खरं.

श्वास घ्यायला थानखुन आहे. किनचा थोरला भाऊ, पूर्वी झालेल्या अपहरणाने डोक्यावर परिणाम झालेला, झगमगीत कपडे घालून अंगरक्षकांना टीव्हीवरच्या मालिका बघायला बसवणारा. ती बिचारी पोरं! बंदूक कमरेला, डोळ्यांत पाणी, समोर कुणाचा तरी विरह. मला हवी होती ती ड्युटी ही.

किनचा धाकटा भाऊ किम आणि पोर्शचा भाऊ चे, या जोडीच्या वाट्याला फारच कमी आलंय. किम झालेला जेफ सॅटर मूळचा गायक, आणि मालिकेसाठीही तो गायलाय. आवाजाने जे होतं तेवढंच या जोडीचं होतं. शेवटाकडे घराण्याची गुपितं इतकी भराभर उघडतात की कोण कुणाचं कोण, याची वही घालावी लागेल. आणि एवढा गोळीबार होऊन बँकॉकमध्ये पोलिसांचा सायरन वाजल्याचं मला तरी आठवत नाही.

बघायचीच असेल तर न कापलेली आवृत्ती बघा. टीव्हीवरच्या आवृत्तीला कात्री लागली आहे. प्रौढांसाठीच आहे, घरच्यांसोबत लावू नका. आणि घाई असेल तर हाणामाऱ्या पुढे ढकला, पण अंगरक्षकांच्या आपसातल्या गप्पा सोडू नका.