रॅकोर ५०० : छोट्या इंजिनाला एवढा मोठा डिझेल फिल्टर कशाला?

शिडाच्या बोटीतलं वीस-तीस हॉर्सपॉवरचं इनबोर्ड इंजिन चालता चालता मंदावलं, रेस वर-खाली व्हायला लागली आणि बंद पडलं, तर पहिला संशय डिझेलच्या पुरवठ्यावर घ्यावा. हे नेमकं खाडीच्या तोंडाशीच होतं, त्यालाही कारण आहे: लाटांनी टाकी घुसळली की तळाचा गाळ आणि पाणी उठून नळीत येतं. म्हणूनच टाकी आणि तिच्यातून डिझेल ओढणारा लिफ्ट पंप यांच्यामध्ये बसणाऱ्या पहिल्या फिल्टरवर पैसे वाचवू नयेत.

फिल्टर बनवणाऱ्या रॅकोर कंपनीच्या टर्बाइन मालिकेतला ५००एफजी हा तिथला जुना, नावाजलेला फिल्टर. बोटीसाठी मात्र ५००एमए घ्यावा. त्यात पाणी साचणाऱ्या तळाच्या पारदर्शक वाटीखाली धातूचं उष्णतारोधक कवच असतं आणि इंजिनाच्या खोलीत ते असायलाच हवं. याची क्षमता तासाला २२७ लिटर. यानमार २जीएम२० सारखं इंजिन पूर्ण जोरातही तासाला चार-पाच लिटरच पितं. एवढ्या संथ प्रवाहात डिझेल गरगरवून पाणी वेगळं करणाऱ्या टर्बाइनची गिरकी फारशी लागत नाही, पाणी बरंचसं स्वतःच्या वजनानेच खाली बसतं. तरीही मोठा घेण्यात शहाणपण आहे, कारण एलिमेंटचा, म्हणजे आतल्या बदलायच्या गाळणीचा, कागद भरपूर असल्याने तो लवकर चोकअप होत नाही.

पण याची खरी किंमत वसूल होते ती बिघाड शोधताना. वाटीत तळाला पाण्याचा थर वेगळा दिसतो. काळा, बुळबुळीत चोथा दिसला तर पाणी आणि डिझेल भेटतात त्या थरात जंतू वाढलेत. नुसतं एलिमेंट बदलून भागणार नाही, टाकी उघडून धुवावीच लागेल. कोकणच्या दमट हवेत पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून बोट वर ओढली की हे ठरलेलंच. टाकी भरून ठेवावी.

दुसरा आवश्यक खर्च म्हणजे झाकणावरच्या टी-हँडलच्या जागी बसणारा व्हॅक्यूम गेज, म्हणजे पंपाला डिझेल किती जोराने ओढावं लागतंय ते दाखवणारा काटा. नवं एलिमेंट घातल्यावर पूर्ण रेसवर काटा कुठे आहे ते लिहून ठेवा. पुढे तो हळूहळू चढला, तर एलिमेंट भरत आलंय. नवं घालूनही काटा वरच राहिला, तर अडथळा फिल्टरच्या आधी आहे: टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी, कॉक, किंवा आतून सुजलेली जुनी रबरी नळी. इंजिन अर्धा तास नीट चालून मग मरत असेल तर टाकीचं झाकण उघडून पाहा. फुस्स करून हवा आत ओढली गेली, तर टाकीची हवेची नळी बुजली आहे; कुंभारमाशीचं मातीचं घर तेवढ्याला पुरतं. काटा खाली आणि डिझेलमध्ये बुडबुडे, म्हणजे कुठूनतरी हवा शिरते आहे. फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा, मग एकेक जुबली क्लिप आवळत जा. बुडबुडेही नाहीत, काटाही हलत नाही, तर लिफ्ट पंप तपासा. त्याचा पडदा फाटला असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसते. अशा वेळी इंजिन अजिबात चालवू नका.

एलिमेंटचा क्रमांक २०१०. २०२० आणि २०४० याच कंपनीच्या मोठ्या फिल्टरचे आहेत, इथे बसणार नाहीत. निळं १० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; आकडा लहान तेवढी गाळणी बारीक), लाल ३०चं, तपकिरी २चं. दोन मायक्रॉनचं इथे घालू नये. ते बारीक गाळायचं काम इंजिनावरच्या दुसऱ्या फिल्टरचं. आमची पसंती निळ्याला, टाकी घाण असेल तोवर लाल.

बदलताना टाकीचा कॉक बंद करा, हँडल सैल करा आणि मगच तळाचा नळ उघडा. वरून हवा मिळाल्याशिवाय वाटी नीट रिकामी होत नाही. एलिमेंट हलकं फिरवत वर ओढा. नव्याबरोबर आलेलं झाकणाचं गॅस्केट आणि हँडलची ओ-रिंग दोन्ही बदला, डिझेलचा हात लावा, भांडं काठोकाठ स्वच्छ डिझेलने भरा आणि झाकण हाताने आवळा. पाना लावायचा नाही. वाटी पुसायला थिनर किंवा अल्कोहोल वापरू नका, प्लास्टिक तडकतं.

दोन गोष्टी खटकतात. आत येणाऱ्या वाटेवर डिझेल मागे उतरू नये म्हणून एक छोटी गोळी असते. गाळ साचला की ती अडकते आणि नवं एलिमेंट असूनही इंजिन उपाशी राहतं. वर्षातून एकदा ती काढून धुवावी. दुसरं, जोडणीचे आटे सरळ, ओ-रिंगवाले आहेत. त्यात निमुळत्या आट्याचं फिटिंग कोंबून टेफ्लॉन टेप गुंडाळली, की हवा शिरतेच आणि टेपचे धागे पंपात जातात. योग्य फिटिंग फिल्टरबरोबरच मागवा.

शेवटी इंजिनाने धरलेली एअर काढायची. इंजिनावरच्या फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून लिफ्ट पंपाचा हातदांडा मारा, बुडबुडे संपले की आवळा. मग इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपाचा स्क्रू, तसाच. दांडा ढिला लागला तर क्रँकशाफ्ट एक फेरा फिरवा, पंपाचा दांडा ढकलणारा कॅम चढलेला असतो. तरीही पेटलं नाही तर इंजेक्टरकडचे नट सैल करून स्टार्टर मारा. त्याआधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद हवा, नाहीतर न पेटलेलं इंजिन सायलेन्सर पाण्याने भरतं आणि ते पाणी सिलिंडरमध्ये येतं. इंजिन पेटल्याबरोबर कॉक उघडा.